चित्त कोठे ठेवावे?

लढताना चित्त कोठे ठेवावे, हा जपानी तलवारविद्येतला जुना प्रश्न आहे. त्याचे सर्वांत नेमके उत्तर मात्र एका भिक्षूने दिले आहे. झेन पंथाच्या रिंझाई शाखेतील ताकुआन सोहो (१५७३–१६४५) याने यागिऊ मुनेनोरीला लिहिलेल्या दीर्घ पत्रात ते सापडते. मुनेनोरी हा तोकुगावा शोगुनांचा, म्हणजे जपानच्या लष्करी शासकांचा, तलवारगुरू होता. तलवार कशी धरावी, पाऊल कोठे टाकावे, हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ताकुआनने त्याला लिहिले ते चित्ताविषयी. हे पत्र पुढे ‘फुदोची शिनम्योरोकु’, म्हणजे अचल प्रज्ञेच्या गूढाची नोंद, या नावाने प्रसिद्ध झाले. एकाग्रता आणि आत्मसंयम यांविषयी युद्धकलांना जे सांगायचे आहे, त्याचा गाभा या पत्रात आहे.

पत्रातला युक्तिवाद सोपा आहे. तो पचवणे मात्र कठीण आहे. चित्त प्रतिस्पर्ध्याच्या शरीरावर ठेवले तर शरीर त्याला अडकवते. त्याच्या तलवारीवर ठेवले तर तलवार त्याला धरून ठेवते. वार करण्याच्या इच्छेवर ठेवले तर इच्छा, आणि आपण मारले जाऊ या भीतीवर ठेवले तर भीती. चित्त जेथे थांबते तेथे एक क्षण सांडतो, आणि तेवढा क्षण समोरच्याला पुरतो. म्हणून चित्त कोठेच ठेवू नये, असे ताकुआन सांगतो. कोठेच ठेवले नाही म्हणून ते नाहीसे होत नाही. ते सगळ्या देहात पसरून राहते आणि हाताला लागेल तेव्हा हातात, पायाला लागेल तेव्हा पायात हजर असते. यासाठी तो सहस्रभुज कान्नोनचा, म्हणजे अवलोकितेश्वराचा दाखला देतो. हजारांतल्या एका हातात धनुष्य आहे. चित्त त्या एका हातावर थांबले तर उरलेले नऊशे नव्याण्णव हात निकामी होतील. ते कोठेच थांबत नाही म्हणूनच सगळे हात कामाचे आहेत.

पत्राच्या नावातला ‘अचल’ हा फुदो म्योओ या देवतेकडे बोट दाखवतो. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात दोर, मागे ज्वाळा, चेहऱ्यावर उग्र भाव, असे तिचे रूप जपानी मंदिरांत जागोजागी दिसते. ही देवता मूळची भारतीय तांत्रिक बौद्ध परंपरेतली. नवव्या शतकाच्या आरंभी कूकाई हा जपानी भिक्षू चीनहून जी परंपरा घेऊन परतला, तिच्याबरोबर ती जपानात रुजली. ताकुआन बजावतो की तिची अचलता दगडाची किंवा लाकडाची नव्हे. पुढे, मागे, डावीउजवीकडे, दाही दिशांना चित्त मोकळेपणाने फिरते आणि तरी कशालाही चिकटत नाही, तेव्हा ते अचल. विचलित होणे म्हणजे हलणे अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ताकुआनच्या मते विचलित होणे म्हणजे अडकणे.

मराठी वाचकाच्या मनात एकाग्रता म्हटले की अर्जुन उभा राहतो. द्रोणांनी झाडावर पक्षी बसवला, प्रत्येक शिष्याला काय दिसते ते विचारले. इतरांना झाड, फांद्या, भाऊ, गुरू असे सारे दिसत होते. अर्जुनाला फक्त पक्षी दिसला, आणि त्यातही फक्त त्याचे डोके. घरोघरी ही गोष्ट पोपटाच्या डोळ्याची म्हणून सांगतात. आदिपर्वात तो भास पक्षी आहे, तोही कारागिरांनी घडवलेला. ताकुआनच्या पत्रापुढे ही कथा ठेवली की दोहोंतला फरक लख्ख दिसतो. द्रोणांचा पक्षी कृत्रिम आहे, स्थिर आहे, उलट वार करत नाही. ताकुआनच्या पत्रातल्या माणसावर एकामागून एक दहा जण तलवारी घेऊन चालून येतात. पहिल्याचा वार चुकवल्यावर चित्त त्याच्यापाशीच रेंगाळले, तर दुसऱ्याच्या हातून मरण ठरलेले. परीक्षेचा अभ्यास, एखादे बारीक हस्तकौशल्य, जप यांसाठी द्रोणांची कसोटी योग्य आहे. वर्ग चालवणारा शिक्षक, गर्दीतून गाडी नेणारा चालक, दवाखान्यात एकाच वेळी चार रुग्णांवर नजर ठेवणारी परिचारिका यांना दुसऱ्या प्रकारचे अवधान लागते. एकाग्रतेच्या लोकप्रिय उपदेशात हा दुसरा प्रकार जवळजवळ येतच नाही, आणि त्यामुळे अनेकांना आपले मन विनाकारण दुबळे वाटत राहते.

मात्र चित्त मोकळे सोडा, असा स्वस्त सल्ला ताकुआन देत नाही. त्याच्या काळी साधकांना चित्त बेंबीखाली, ओटीपोटाच्या मध्यभागी ठेवायला शिकवत, आजही बहुतेक जपानी युद्धकलांत शिकवतात. ताकुआन म्हणतो, ही पायरी आहे, शिखर नव्हे. तो मांजराचे उदाहरण देतो. पाळलेल्या मांजराने चिमणी पकडू नये म्हणून त्याला दोरीने बांधून ठेवतात. पण जन्मभर बांधलेले मांजर कशाच्या उपयोगाचे? दोरी सोडली तरी ते चिमणीवर झडप घालणार नाही, इथवर त्याला आणायचे असते. योगसूत्रांतली धारणा, म्हणजे चित्त एका ठिकाणी बांधणे, या दोरीच्या टप्प्याशी जुळते. आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात मनाच्या चंचलपणाची तक्रार करणाऱ्या अर्जुनाला कृष्ण जी दोन साधने सांगतो, अभ्यास आणि वैराग्य, त्यांच्याशी तर युद्धकलांची शिस्त फार जवळून मिळते. योगसूत्रेही हीच दोन नावे घेतात. ताकुआनचे न थांबणारे चित्त वैराग्याच्या जातीचे आहे. अभ्यासासाठी जपानी परंपरेने जे घडवले, त्याला ‘काता’ म्हणतात.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या अंतरावरून करायच्या हालचालींचा बांधीव संच. जुन्या तलवार-घराण्यांत तो बहुधा जोडीने करतात. कोणी कधी वार करायचा, दुसऱ्याने तो कसा चुकवायचा, शेवटी कोण जिंकायचे, हे सारे आधीच ठरलेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला यात शिकण्यासारखे काय, असा प्रश्न पडतो. ताकुआनचे उत्तर असे: अगदी नवख्या माणसाला पवित्रा ठाऊक नसतो, म्हणून त्याचे चित्त पवित्र्यावर थांबत नाही, कोणी मारायला आले तर तो सुचेल तसा हात वर करतो. शिकू लागला की तलवार कशी धरायची, नजर कोठे, पाऊल कोठे, अशा शंभर जागी चित्त थांबू लागते आणि तो आधीपेक्षाही अवघडतो. वर्षानुवर्षांच्या सरावानंतर हालचाल देहात मुरते, चित्त पुन्हा मोकळे होते, आणि शेवटचा टप्पा पहिल्यासारखा दिसू लागतो. मधला अवघडलेला काळ टाळता येत नाही. शिस्त लावून घेणारी बहुतेक माणसे याच काळात काम सोडतात, कारण प्रगतीऐवजी त्यांना अधोगती दिसत असते. काता त्या काळातून माणसाला पार नेतो.

आत्मसंयमाची रूढ कल्पना अशी की माणसाच्या आत एक इच्छा आणि एक आळस असतात, त्यांची रोज झुंज होते आणि बळकट इच्छा जिंकते. काताची कल्पना निराळी आहे. रोजच्या झुंजीला जागाच न ठेवणे हे तिचे तंत्र. वेळ, जागा, पोशाख, आरंभीचे वंदन आणि पहिले पाऊल ठरलेले असते. आज मन लागेल का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मन लागो न लागो, पहिले पाऊल पडते, दुसरे त्याच्या मागून येते. हालचालीत झालेली चूक बाहेर दिसते, म्हणून स्वतःची समजूत काढायलाही वाव उरत नाही. इच्छाशक्ती खर्ची पडते ती फक्त दारापर्यंत येण्यात. संयमाचा भार इच्छेवरून आकारावर नेणे ही युद्धकलांनी नीतिविचारात घातलेली मोलाची भर आहे.

जोडीच्या कातात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. हरणारी बाजू बहुधा ज्येष्ठाकडे असते. गुरू किंवा वडीलधारा शिष्य वार करतो, धाकट्याला जिंकण्याची संधी देतो, आणि ‘मारला’ जातो. हे तो हजारो वेळा करतो. वार खोटा असून चालत नाही, कारण खोट्या वाराने शिकणाऱ्याचे चित्त झोपते. तो शिकणाऱ्याच्या ताकदीपलीकडचा असूनही चालत नाही. दुसऱ्याच्या वाढीसाठी रोज नेमकेपणाने हरणे ही या कलांतली सर्वांत कठीण शिस्त म्हणावी लागेल. तिच्यासाठी लागणारे अवधान स्वतःच्या जयापराजयावर थांबलेल्या माणसाला कधीच साधत नाही.

चित्त अडकणे म्हणजे काय, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा धनुर्विद्येत मिळतो. क्युदो या जपानी धनुर्विद्येत नेहमीचे लक्ष्य २८ मीटरवर असते आणि त्याचा व्यास ३६ सेंटिमीटर. पाय रोवण्यापासून बाण सुटल्यानंतरच्या स्थितीपर्यंत आठ टप्पे ठरलेले आहेत. नव्या शिष्याला लक्ष्यासमोर उभे करत नाहीत. आधी रिकाम्या हातांनी, मग रबराच्या धनुष्याने टप्पे गिरवायचे, मग साधारण दोन मीटरवरच्या पेंढ्याच्या जाड भाऱ्यावर बाण सोडायचे. या भाऱ्याला ‘माकिवारा’ म्हणतात. इतक्या जवळून नेम चुकणे अशक्य, म्हणून नेमाची चिंताही नाही. उरतो तो फक्त देह, श्वास आणि क्रम. पुढे लक्ष्य समोर येते आणि कित्येकांना ‘हायाके’ जडते. धनुष्य पूर्ण ताणून क्षणभर स्थिर व्हायचे असते, पण त्याआधीच बाण सुटून जातो. धनुर्धराने थांबण्याचा निश्चय केलेला असतो, तरी सुटतो. या वेळी निश्चय आणखी घट्ट केला तर विकार बहुधा बळावतो, कारण चित्त आता लक्ष्याबरोबरच निश्चयावरही थांबते. गुरू त्याला पुन्हा माकिवारासमोर नेतात, हलके धनुष्य देतात, लक्ष्य काढून घेतात. जेथे इच्छा हरते तेथे रचना बदलावी लागते, हे क्युदोच्या शिक्षकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परीक्षेच्या धसक्याने सोपे गणित चुकणाऱ्या मुलाला ‘जास्त लक्ष दे’ असे सांगणाऱ्या मोठ्यांना ते ठाऊक असते तर बरे झाले असते.

आठव्या टप्प्याचे नाव ‘झानशिन’. बाण गेल्यावरही देह आणि चित्त त्याच स्थितीत टिकवायचे. लागला की नाही ते पाहून खांदे पाडायचे नाहीत. केंदोत, म्हणजे बांबूच्या तलवारींच्या खेळात, हा नियमच आहे. वार अचूक बसला, पण त्यानंतर सावधपणा सुटला किंवा खेळाडूने विजयाचा जल्लोष केला, तर मिळालेला गुण रद्द होऊ शकतो. काम संपता संपता अवधान सर्वांत लवकर तुटते, ही साधी बाब या नियमामागे आहे. आत्मसंयमाच्या व्यवहारात झानशिन फार उपयोगी पडते: काम झाल्यावर साधने जागच्या जागी ठेवणे, लिहिलेले पुन्हा वाचणे, एका कामातून दुसऱ्यात शिरण्यापूर्वी पहिले नीट मिटवणे.

या कलांभोवती बरेच धुकेही जमले आहे. ऑयगन हेरिगेल या जर्मन प्राध्यापकाने १९२०च्या दशकात सेंदाई येथे आवा केंझो या गुरूकडे धनुर्विद्या शिकून १९४८ साली झेन आणि धनुर्विद्येवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि बाण आपोआप सुटतो ही कल्पना जगभर पोहोचली. यामादा शोजी या जपानी अभ्यासकाने पुढे दाखवून दिले, की आवा झेनचा साधक नव्हता आणि गुरुशिष्यांमधल्या काही निर्णायक संवादांच्या वेळी दुभाषा हजर नव्हता. गूढतेचा हा थर बाजूला केला तरी क्युदोच्या शिस्तीचे काहीच बिघडत नाही.

खरी अडचण वेगळी आणि गंभीर आहे. न अडकणारे चित्त चांगल्या माणसालाच मिळते, असा कोणताही नियम नाही. भीती आणि संकोच गळून पडलेला मारेकरी अधिक कार्यक्षम मारेकरी होतो. मुनेनोरीने १६३२ साली पूर्ण केलेल्या ‘हेइहो कादेनशो’ या ग्रंथात जीव घेणारी तलवार आणि जीवन देणारी तलवार असा भेद केला तो या जाणिवेतूनच: एका दुष्टाला आवरून अनेकांना जगवणे हा शस्त्राचा न्याय्य उपयोग. पण दुष्ट कोण हे ठरवणार राज्यकर्ता, आणि तेथेच ही शिकवण निसरडी होते. १८९५ साली क्योतोत स्थापन झालेल्या दाइ निप्पोन बुतोकुकाई या संस्थेने युद्धकलांना राष्ट्रीय शिक्षणाचा भाग बनवले आणि पुढच्या अर्धशतकात ही शिस्त साम्राज्याच्या युद्धांना जुंपली गेली. ब्रायन व्हिक्टोरिया यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात झेन पंथाच्या नामवंत गुरूंनी त्या युद्धांना दिलेल्या पाठिंब्याची नोंद आहे. हेरिगेलही नाझी पक्षाचा सदस्य झाला होता. मारणाराही शून्य, मरणाराही शून्य, अशी भाषा ताकुआनच्या पत्रातही आहे. ध्यानमंदिरात ती मुक्तीची वाट दाखवते. सैन्याच्या छावणीत तीच विवेकाला झोपवणारे औषध होते. एकाग्रता हे सामर्थ्य आहे, सद्गुण नव्हे, आणि दोहोंची गल्लत करणारा उपदेश धोकादायक आहे.

ताकुआनला हे उमगले होते, असे मानायला आधार आहे. त्याचे पत्र तलवारीपाशी संपत नाही. शेवटी तो मुनेनोरीच्या वागण्याकडे वळतो आणि शोगुनच्या गुरूला खडसावतो: नो नाट्यातल्या नृत्याची त्याची हौस आणि सरदारांपुढे ते मिरवणे यावर बोट ठेवतो, मुलाच्या वर्तनाची काळजी असेल तर बापाने आधी आपले वर्तन सुधारावे, असे सुनावतो. म्हणजे न अडकणाऱ्या चित्ताची परीक्षा त्याने आखाड्याबाहेर, घरात आणि दरबारात घेतली. स्वतः त्यानेही अशी परीक्षा दिली होती. सम्राटाने मठाधिपतींना बहाल केलेली जांभळी वस्त्रे शोगुनशाहीने रद्द ठरवली तेव्हा त्याने उघड विरोध केला, आणि १६२९ साली त्याला उत्तरेकडील देवा प्रांतात हद्दपार व्हावे लागले. १६३२ साली माफी मिळाली आणि पुढे त्याच सत्तेने त्याला एदोला, शोगुनच्या राजधानीत, मानाने बोलावले. सत्तेशी त्याचे नाते गुंतागुंतीचेच राहिले. पण आज्ञापालन आणि आत्मसंयम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या चरित्रात स्पष्ट दिसते.

हा भेद आधुनिक काळात सर्वांत स्वच्छ मांडला तो कानो जिगोरोने (१८६०–१९३८). १८८२ साली तोक्योतील एइशो मंदिरात बारा चटयांच्या जागेत त्याने कोदोकान हे विद्यालय सुरू केले आणि जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवला. त्याची दोन तत्त्वे होती: शक्तीचा सर्वोत्तम वापर, आणि आपले व दुसऱ्याचे परस्पर कल्याण. दुसरे तत्त्व पहिल्याला वेसण घालते. ज्युदोत आधी पडायला शिकवतात. पडण्याची भीती असेपर्यंत चित्त जमिनीवर थांबलेले असते. पडणे अंगवळणी पडले की ते मोकळे होते. आणि पाडणारा व पडणारा रोज जागा बदलतात. जोडीदाराने आपला देह सरावासाठी विश्वासाने दिलेला असतो. त्याने हाताने थाप दिली की पकड त्याच क्षणी सोडायची. जिंकण्याच्या ऐन क्षणी हात सैल करण्याचा हा सराव आत्मसंयमाचे सर्वांत शुद्ध रूप आहे. पाठ केलेल्या कोणत्याही प्रतिज्ञेने तो येत नाही.

महाराष्ट्रात हे सारे अगदीच अनोळखी नाही. तालमीत शिरताना लाल मातीला हात लावून कपाळी नेणे, वस्तादासमोर नव्या पोराने आधी जोर-बैठका काढणे, थोरल्या पैलवानाने धाकट्याला अंगावर घेऊन डाव शिकवणे, यांत वंदन, आकार आणि ज्येष्ठाचे हरणे ही तिन्ही अंगे आहेत. आता गावोगावी कराटेचे वर्गही भरतात, आणि पालक मुलांना तेथे बहुधा ‘एकाग्रता वाढावी, शिस्त लागावी’ म्हणूनच घालतात. पुष्कळ ठिकाणी पट्ट्याचा रंग हेच उद्दिष्ट होऊन बसले आहे. कानोच्या व्यवस्थेत काळा पट्टा म्हणजे मुळाक्षरे आली, आता शिकायला सुरुवात करावी, एवढाच अर्थ होता. रंगावर थांबलेले चित्तही ताकुआनच्या हिशेबी अडकलेलेच. म्हणून वर्ग निवडताना भिंतीवरची प्रशस्तिपत्रे आणि कपाटातले करंडक पाहण्याऐवजी पालकांनी एक दिवस मागे बसून सराव पाहावा. तेथे मोठी मुले लहानांसमोर कशी हरतात, थाप पडताच पकड सुटते का, आणि वर्ग संपल्यावर चटया कोण उचलतो, एवढे पाहिले तरी निर्णयाला पुरेसे आहे.